शेर, क्वार्ट आणि एक घनमीटर सूप

मराठी माणसाच्या बोलण्यातून शेर अजून गेलेला नाही. दुकानांतून तो हद्दपार होऊन साठ वर्षं उलटली, पण 'शेरास सव्वाशेर' आपण आजही म्हणतो. एखादी गोष्ट फार स्वस्त झाली की ती 'पायलीला पन्नास' मिळते, घरातलं काम नेहमीच 'खंडीभर' असतं, आणि नवी सून 'माप ओलांडून' घरात येते. हे शेर, पायली, माप म्हणजे नक्की केवढं, असं मुलांनी विचारलं तर मात्र बहुतेक घरांत आई-बाबा एकमेकांकडे बघतात.

मी डब्लिनमध्ये सँट्रीला राहतो. शिक्षणानं कॉम्प्युटर इंजिनियर, आणि पोटापाण्यासाठी लोकांचे जुने डेटाबेस नव्या सिस्टीममध्ये हलवून देतो. अशाच एका कामात एका जुन्या यादीतले द्रवपदार्थांचे साठे 'क्वार्ट' या मापात लिहिलेले होते आणि नव्या सिस्टीमला ते घनमीटरमध्ये हवे होते. वरवर बघता काम पाच मिनिटांचं. एक गुणाकार केला की झालं! पण पहिलाच प्रश्न आला तो हा, की कुठला क्वार्ट? माल अमेरिकेतूनही येत होता आणि इंग्लंडमधूनही, रकाना मात्र एकच. शेवटी प्रत्येक नोंदीचा पुरवठादार शोधून दोन ढीग वेगळे केले आणि मगच गुणाकार केला. काम संपलं, पण क्वार्ट काही डोक्यातून जाईना. वाचत गेलो तसं लक्षात आलं, की हे माप इथल्या इतिहासात चांगलंच खोल रुतलेलं आहे, आणि त्याचे धागे आपल्या शेरापर्यंत येऊन पोचतात. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी आकडे, म्हणजे नंतर मोकळेपणानं गप्पा मारता येतील. क्वार्ट म्हणजे पाव गॅलन, आपल्या पावशेराचाच चुलतभाऊ. आता गॅलन जितके, क्वार्ट तितके. ब्रिटिशांचा इंपीरियल क्वार्ट १.१३६५ लिटरचा, म्हणजे आपल्या पबमधले दोन पाइंट. अमेरिकेतला द्रव पदार्थांचा क्वार्ट ०.९४६४ लिटरचा. अमेरिकेतच धान्य, फळं वगैरे कोरड्या मालाचा क्वार्ट वेगळा, तो १.१०१२ लिटरचा! आणि आयर्लंडचा स्वतःचाही एक क्वार्ट होता. जुना आयरिश गॅलन २१७.६ घन इंचांचा, त्यामुळे त्याचा क्वार्ट साधारण ०.८९१५ लिटरचा. भारतात दारूच्या व्यापारात 'क्वार्ट' म्हणजे ७५० मिलीलिटरची बाटली, तो आणखी निराळा. पुण्यातला मित्र 'एक पाइंट' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ३३० मिलीलिटरची बिअरची बाटली असते आणि डब्लिनचा बारवाला ५६८ मिलीलिटरचा ग्लास पुढे सरकवतो. (हा फरक कळायला मात्र कुणाला डेटाबेस लागत नाही.)

एका घनमीटरमध्ये १००० लिटर मावतात. म्हणजे एका घनमीटरचे इंपीरियल क्वार्ट होतात सुमारे ८८०, अमेरिकन द्रव क्वार्ट १०५७, आणि जुने आयरिश क्वार्ट ११२२. उलट बाजूनं बघा. कागदावर '१००० क्वार्ट' लिहिलेलं असेल तर ते इंग्लंडचे असल्यास १.१३६५ घनमीटर आणि अमेरिकेचे असल्यास ०.९४६४ घनमीटर. फरक १९० लिटरचा, म्हणजे चांगलं एक पिंप भरेल एवढा. गंमत अशी, की यात अमेरिकनांनी काही नवीन केलेलं नाही. त्यांचा २३१ घन इंचांचा गॅलन हा इंग्लंडचाच जुना वाइन मोजायचा गॅलन. स्वातंत्र्यानंतरही त्यांनी तो तसाच ठेवला. बदलले ते इंग्रज. १८२४ च्या कायद्यानं त्यांनी दहा पाउंड पाणी मावेल तो गॅलन असं ठरवलं, आणि १ जानेवारी १८२६ पासून हे इंपीरियल माप आयर्लंडलाही लागू झालं. आयरिश क्वार्ट तेव्हापासून इतिहासजमा.

घनमीटरचा विषय निघाला की मुलांचा एक घोळ हमखास होतो. मीटरमध्ये शंभर सेंटिमीटर, तर मग घनमीटरमध्ये शंभर घनसेंटिमीटर का नाहीत? त्यांना मी डब्लिनच्याच एका माणसाचं उदाहरण देतो. जोनाथन स्विफ्ट इथे १६६७ साली जन्मला आणि पुढे सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन झाला. त्याचा 'गलिव्हर' १७२६ साली आला. गलिव्हर लिलिपुटच्या लोकांपेक्षा बारापट उंच, पण त्याला जेवायला बारा जणांचं नाही, तर १७२८ जणांचं अन्न लागेल असा तिथले गणिती हिशेब करतात. कारण तो बारापट उंच, बारापट रुंद आणि बारापट जाड, म्हणजे बारा गुणिले बारा गुणिले बारा. (काही आवृत्त्यांत हा आकडा १७२४ छापलेला आहे. मुद्रकाची मापंही कधीकधी वेगळी असतात!) हाच न्याय लावला की मीटरच्या शंभर सेंटिमीटरांचे घनमीटरमध्ये दहा लाख घनसेंटिमीटर होतात.

आता आपल्या शेराकडे येऊ. देशावरची धान्य मापायची कैली मापं आजीच्या पिढीला तोंडपाठ असत. दोन निठव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. कॉम्प्युटरवाल्याच्या ध्यानात लगेच येईल, की ही सरळसरळ बायनरी आहे. प्रत्येक पायरीला दुप्पट. पायलीत ६४ निठवी, म्हणजे दोनाचा सहावा घात. आणि इंग्रजांची जुनी मापं बघितली तर तिथेही तेच. दोन पाइंटांचा क्वार्ट, दोन क्वार्टांचा पॉटल, दोन पॉटलचा गॅलन, दोन गॅलनचा पेक. चार शेरांची पायली तसाच चार क्वार्टांचा गॅलन. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दहा सारखे भाग करणं अवघड, पण ढिगाचे डोळ्यांनी दोन सारखे भाग करणं सोपं. एकानं भाग करायचे आणि दुसऱ्यानं निवडायचे, की भांडणही नाही.

पायलीपर्यंत हिशेब असा सुरेख चालतो आणि पुढे तो बिघडायला लागतो. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी. पायलीच मुळात गावागणिक लहानमोठी, तर मण आणि खंडी कशी सारखी असणार? एका तालुक्यातली खंडी दुसऱ्या तालुक्यात पोचेपर्यंत वेगळी झालेली असे.

त्यात भर म्हणजे माप भरायचं कसं हा प्रश्न. सपाट की शिगोशीग? शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची पद्धत आहे, आणि ते माप शिगेचंच असायला हवं. पण तीच शीग घेताना धरायची आणि देताना हातानं सपाट करायची, हा सावकाराचा आणि अडत्याचा जुना खेळ. माप एकच, नाव एकच, तरी शेतकऱ्याच्या घरी कमी आणि सावकाराच्या पेवात जास्त. इथेही तेच चालायचं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये शिगेची मापं बंद करायला १८३५ च्या सुमाराचा कायदा यावा लागला.

म्हणून मला वाटतं, की माप ही गणिताची गोष्ट नंतर आणि विश्वासाची गोष्ट आधी. स्वयंपाकघरात बघा ना. दिवाळीच्या चकल्यांची भाजणी आई फोनवरून सांगते ती 'चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या डाळ' अशी. वाटी केवढी हे ती सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. तिची वाटी नाशिकची, आपली डब्लिनची, तरी चकली बिघडत नाही, कारण सगळं एकाच वाटीनं मोजलेलं असतं. प्रमाण जमलं की पुरे. माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा मात्र प्रमाण पुरत नाही. तिथे वाटी कुणाची, हा प्रश्न येतोच.

फ्रान्समधल्या शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं. १७८९ साली राजापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांमध्ये जमीनदारांच्या मनमानी मापांच्या तक्रारी होत्या. देशभर एकच माप करा, ही मागणी होती. त्यातूनच पुढे १७९५ च्या कायद्यानं मीटर, लिटर, ग्रॅम आले. दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच अशा ठोकळ्यात मावेल तो लिटर. कुठल्या राजाचा हात नाही की कुठल्या गावाचं भांडं नाही. अर्थात तिथेही खाचाखोचा निघाल्याच. १९०१ साली लिटरची व्याख्या एक किलो पाण्याच्या आकारमानावर नेली गेली आणि तो ठोकळ्यापेक्षा किंचित, म्हणजे दहा लाखात २८ भाग, मोठा झाला. १९६४ साली तो परत नेमका ठोकळ्याएवढा झाला.

आता डब्लिनला येऊ. लुआसच्या रेड लाइननं म्युझियमच्या स्टॉपला उतरलं की एका बाजूला कॉलिन्स बरॅक्सची मोठी दगडी इमारत आहे. मुलांना घेऊन आपण सगळेच कधी ना कधी तिथलं संग्रहालय बघून आलोय. १८४७ मध्ये त्या इमारतीला रॉयल बरॅक्स म्हणत. तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेत ५ एप्रिल १८४७ रोजी एक सूप किचन उघडलं. बटाट्याचं पीक १८४५ पासून कुजत होतं आणि आयर्लंडमध्ये माणसं भुकेनं मरत होती. सरकारनं लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामवंत आचारी अलेक्सी सॉयर याला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यानं लाकडी मंडप उभारला, मधोमध ३०० गॅलनचा हंडा ठेवला. एका वेळी शंभर माणसं आत घ्यायची, बाकांवर बसवायची, टेबलाला साखळीनं बांधलेल्या चमच्यांनी सूप प्यायला द्यायचं, घंटा झाली की ती बाहेर आणि पुढची शंभर आत. उद्घाटनाच्या दिवशी भुकेली माणसं जेवतात कशी हे बघायला शहरातली बडी मंडळी पाच शिलिंग देऊन आली होती.

त्याच वर्षीच्या कायद्यानं देशभर सूप किचन सुरू झाली आणि माणशी रोजचा शिधा ठरवला गेला. एक पाउंड पीठ किंवा बिस्किट. किंवा पीठ लावून घट्ट केलेलं एक क्वार्ट सूप, आणि सोबत पावाचा किंवा पिठाचा पाव हिस्सा. नऊ वर्षांखालच्या मुलाला निम्मं. १८४७ च्या जुलै महिन्यात रोज तीस लाखांवर माणसं या शिध्यावर जगत होती. म्हणजे क्वार्ट हे तेव्हा नुसतं माप नव्हतं, ते एका माणसाचं दिवसभराचं जेवण होतं.

इथे मी परत आपला गुणाकार करून बघितला. ३०० गॅलनचा हंडा म्हणजे १२०० क्वार्ट, म्हणजे १.३६ घनमीटर. एका घनमीटरचे ८८० क्वार्ट, तेव्हा एक घनमीटर सूप म्हणजे ८८० माणसांचा एक दिवस. घनमीटर म्हणजे केवढं हे मी इतकी वर्षं 'वॉशिंग मशीनपेक्षा मोठं, कपाटापेक्षा छोटं' असं काहीतरी सांगायचो. आता हा आकडा सांगतो. आणि समजा, वाढणाऱ्याच्या हातातलं भांडं १८२६ च्या आधीचं, जुन्या आयरिश क्वार्टचं असतं, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे पाव लिटर सूप कमी आलं असतं. कागदावर मात्र 'एक क्वार्ट' असंच लिहिलेलं राहिलं असतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. क्वार्ट फक्त आकारमान सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही. सॉयरच्या पाककृतीत दोन गॅलन पाण्याला पाव पाउंड मांस होतं. एवढ्यावर माणूस जगेल, असा त्याचा दावा होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं त्या सूपवर कडक टीका केली. माप बरोबर होतं, हिशेब चोख होता, आणि तरी भांड्यात मुख्यतः पाणी होतं. ही सूप किचनंसुद्धा त्याच वर्षी, सप्टेंबर संपेपर्यंत बंद करण्यात आली.

त्याच १८४७ साली किल्डेअरमधून एक तरुण पार्लमेंटमध्ये निवडून गेला. रिचर्ड बर्क त्याचं नाव, जन्म डब्लिनचा. हाच पुढे सहावा अर्ल ऑफ मेयो, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. १८६९ मध्ये ते भारतात आले आणि त्यांच्या कारकिर्दीत, १८७१ साली, वजनमापांचा एक विलक्षण कायदा झाला. या कायद्यानं 'शेर' हे वजनाचं मूळ एकक ठरवलं, आणि शेर केवढा? तर बरोबर एक किलोग्रॅम! मापाचा शेर म्हणजे एक शेर पाणी मावेल तेवढा, म्हणजेच एक लिटर. इंग्रज स्वतः पाउंड आणि गॅलन वापरत असताना त्यांच्या सरकारनं भारतासाठी फ्रेंच किलो घेतला आणि त्याला नाव ठेवलं आपलं, शेर. हा कायदा अमलात आला असता तर आज आपण दुकानात जाऊन 'दोन शेर दूध' मागितलं असतं आणि पिशवीवर दोन लिटर छापलेलं असतं.

तसं झालं नाही. ८ फेब्रुवारी १८७२ ला पोर्ट ब्लेअरला शेर अली आफ्रिदी या कैद्यानं लॉर्ड मेयोंचा खून केला. कायदा बासनात गेला तो गेलाच. मेयोंचा देह बोटीनं आयर्लंडला आणला आणि इथून नासच्या वाटेवर असलेल्या जॉन्सटाऊनच्या जुन्या पडक्या चर्चमध्ये पुरला. वाटेत देह टिकावा म्हणून तो रमच्या पिंपात ठेवला होता असं सांगतात. त्यावरून इथले लोक त्यांना 'लोणच्यातला अर्ल' म्हणतात.

कायदा बासनात गेल्यावर पाचच वर्षांत महाराष्ट्रावर काय आलं ते आपल्याला ठाऊक आहे. १८७६ साली पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, सगळीकडे दुष्काळ पडला. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला माणशी रोज एक पाउंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत असा हिशेब मांडला. इतिहासात त्याला 'टेंपल वेज' म्हणतात. एक पाउंड! आयर्लंडच्या शिध्यातला तोच आकडा, तीस वर्षांनी, आणि तोही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. आपल्या ऐंशी तोळ्यांच्या शेरात मोजलं तर हे धान्य अर्ध्या शेराहूनही थोडं कमीच भरतं. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू उचलून धरली. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांची ही सभा. जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून, आकडे मांडून ते सरकारला पत्रं धाडत होते. सरकारच्या आकड्याला आकड्यानं उत्तर देण्याची ही आपल्याकडची सुरुवातीची लढाई म्हणायला हरकत नाही.

मेयोंच्या कायद्यात जे राहिलं ते स्वतंत्र भारतानं केलं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. १९६२ पर्यंत शेर आणि मण कायद्यानं संपले. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. म्हणजे कुणी शेराचं जुनं वजन टाकून किलोचे पैसे घेतले तर गिऱ्हाइकाचे ६७ ग्रॅम गेले. एका वेळी एवढंसं, पण महिन्याच्या वाणसामानात केवढं! नव्या वजनांवर शिक्का मारणं, जुनी गोळा करणं, कोट्यवधी निरक्षर माणसांना नवे भाव समजावणं, हे सगळं तेव्हा झालं. आपल्या क्षेत्रातले लोक मायग्रेशन प्रोजेक्ट म्हणून कौतुकानं सांगतात, पण एवढ्या मोठ्या देशाचं माप बदलणं हे खरं मायग्रेशन!

योगायोग बघा. त्याच १९५८ च्या ऑगस्टमध्ये, ६ तारखेला, इथे सँट्रीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटनं एक मैल ३ मिनिटं ५४.५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. त्या एका शर्यतीत पाच जण चार मिनिटांच्या आत आले. हा मैल अर्थातच इंग्रजी, १७६० यार्डांचा. जुना आयरिश मैल २२४० यार्डांचा. त्या मैलावर त्याच वेगानं धावला असता तर एलियटला पाच मिनिटांना जेमतेम दीड सेकंद कमी लागले असते, आणि सँट्रीचं नाव कुणी ऐकलं नसतं!

आज सँट्रीचं मापांशी असलेलं नातं वेगळं आहे. नॉर्थवुडमध्ये, डिमेन पार्कपासून जवळच, स्विफ्ट स्क्वेअरला एनएसएआय म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय मानक संस्थेचं मुख्य कार्यालय आहे. पेट्रोल पंपाचा मीटर, भाजीवाल्याचा काटा, पबमधलं माप, हे सगळं बरोबर आहे ना, हे तपासायचं काम या संस्थेकडे आहे. १९९६ च्या कायद्यानंतर ते तिच्याकडे आलं. त्याआधी ते गार्डा, म्हणजे चक्क पोलीस करत. फिरायला जाताना मी त्या इमारतीवरून कितीदा गेलो असेन, पण आत काय चालतं याचा विचार कधी केला नव्हता. आता पेट्रोल भरताना डोळे आकड्यावर असतात तेव्हा मनात येतं, की हा लिटर खराच लिटर आहे, यावर आपण किती सहज विश्वास ठेवतो! तो विश्वास कुणीतरी पंपापंपावर जाऊन, भांडं लावून राखलेला असतो. आपल्याकडेही वैधमापनशास्त्र खात्याचे निरीक्षक हेच काम करतात. त्यांची आठवण आपल्याला फक्त काटा मारलेला सापडला की होते.

क्वार्ट आता म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आणि जुन्या याद्यांत उरला आहे. आयर्लंडमध्ये रस्त्यांवरची वेगमर्यादा २० जानेवारी २००५ ला मैलांतून किलोमीटरमध्ये गेली. पाइंट तेवढा पबमध्ये ठाण मांडून आहे. तेव्हा हे आकड्यांचं प्रकरण संपलं असं कुणाला वाटेल. पण महाराष्ट्रातलं वर्तमानपत्र उघडा. पावसाळ्यात कोयनेचा साठा 'टीएमसी'मध्ये येतो आणि जायकवाडीचा पुष्कळदा 'दलघमी'मध्ये, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आणि जायकवाडीच्या नाथसागराची २९०९ दलघमी. नुसते आकडे वाचले तर नाथसागर कोयनेच्या सत्तावीस पट मोठा वाटेल! एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २८.३२ दलघमी. तेव्हा नाथसागर भरतो १०२.७ टीएमसी, म्हणजे दोन्ही धरणं जवळजवळ सारखी. कृष्णेचं पाणी वाटताना बच्छावत लवादानं १९७३ साली महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं. ते किती, हे साताऱ्या-सांगलीतल्या किती शेतकऱ्यांना कुणी समजावून सांगितलं असेल?

आणि सॉयरच्या सूपची गोष्ट इथेही आहेच. नाथसागराच्या २९०९ दलघमींपैकी ७३८ हा मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, कालव्याला न लागणारं पाणी. कामाचं पाणी २१७१. 'धरणात इतके दलघमी पाणी आहे' असं कुणी सांगितलं तर त्यातलं उपयुक्त किती, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारायला कुणी शिकवावं लागत नाही. दुष्काळात त्याची सकाळच या आकड्यानं होते.

आपली मुलं इथल्या शाळांत लिटर आणि घनमीटर शिकतात, आणि गुणाकार तर आता मोबाइलही करून देतो. तो शिकवायला आपली गरज नाही. त्यांना तीन प्रश्न तेवढे शिकवू या. माप कुणाचं? भरलं कुणी? आणि आत काय आहे? या सुट्टीत जमलं तर त्यांना घेऊन कॉलिन्स बरॅक्ससमोरच्या हिरवळीवर जा. हाताचे तीन पसरट मीटर करून त्यांना एक घनमीटर दाखवा आणि सांगा, की एवढ्यात आठशे ऐंशी माणसं एक दिवस जेवत होती. पुढचं मुलं आपणहून विचारतील.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! तुमच्या घरातलं माप सदैव शिगोशीग भरलेलं असो.